बेव्हन हे आडनाव आलं कुठून?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. भाऊ वेल्समध्ये न्यूपोर्टला असतो. वहिनी तिकडचीच, माहेरचं आडनाव बेव्हन. भाचीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचाय. आमची बाजू सोपी गेली. काकांनी कुलवृत्तांताची पानं फोटो काढून धाडली: मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, सगळं तयार. वहिनीच्या बाजूला मात्र गाडी पणजोबांपाशी अडली आहे. तिच्या वडिलांच्या दिवाणखान्यात एक लाकडी ढाल टांगलेली आहे, सहलीच्या ठिकाणी विकत घेतलेली. तिच्यावर सिंहासारखा एक प्राणी आणि खाली 'बेव्हन घराणं' असं लिहिलंय. सगळे बेव्हन एका वेल्श राजाचे वंशज, असं ते ठामपणे सांगतात.

तर प्रश्न असे. बेव्हन हे गावावरून पडलं की धंद्यावरून? सगळे बेव्हन एका कुळातले असतात का? आणि जाता जाता, तिकडे जो भेटतो तो जोन्स का असतो?

चिंच_गूळ
बेव्हन म्हटलं की मला एकच ठाऊक. १ जानेवारी १९९६, सिडनी, समोर वेस्ट इंडिज, शेवटच्या चेंडूवर चौका. मायकेल बेव्हनला टाका झाडात, भाचीला पैकीच्या पैकी.

खडूस_मास्तर
तो ऑस्ट्रेलियाचा. धागा वेल्सचा आहे.

चिंच_गूळ
आडनाव तर वेल्सचंच ना मास्तर. माणसं बोटीत बसली की आडनाव काय बंदरावर ठेवून जातात?

टाफ_काठचा
कार्डिफमध्ये बरीच वर्षं राहतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेव्हन ना गावावरून, ना धंद्यावरून. ते बापाच्या नावावरून आहे. वेल्समध्ये पूर्वी आडनाव ही चीजच नव्हती. माणसाचं नाव, मग 'अप', मग बापाचं नाव. अप म्हणजे अमक्याचा मुलगा. 'मॅब' म्हणजे मुलगा, त्यातला म गळून हे झालं. पुढचं नाव स्वराने सुरू होत असेल तर अपचं 'अब' होतं. म्हणजे दाविद अब इव्हान. हे घाईत म्हणा, अ गळतो, ब पुढच्या नावाला चिकटतो, झाला बेव्हन. याच पद्धतीने अप हावेलचा पॉवेल, अप रीसचा प्राइस, अप ह्यूचा प्यू, अप रिचर्डचा प्रिचर्ड, अप रॉबर्टचा प्रोबर्ट, अब ओवेनचा बोवेन. अप हॅरीचा पॅरीसुद्धा. वेल्श आडनाव प किंवा ब ने सुरू झालेलं दिसलं की आधी ते अक्षर झाकून बघायचं, मागे बहुतेक वेळा कुणाचा तरी बाप उभा असतो.

आणि ही साखळी एका बापावर थांबत नसे. अमका अप तमका अप ढमका, अशा पाच-सहा पिढ्या लोक सहज सांगत.

रावण_दहातोंडी
म्हणजे ॲपचा शोध वेल्श लोकांनी लावला. आणि अपडेट दर पिढीला.

हिरवी_मिरची
दंडवत घ्या रावणराव.

गुलबक्षी
टाफकाका, म्हणजे बेव्हन आणि इव्हान्स एकच की काय? वहिनीच्या आजोळी सगळे इव्हान्स आहेत!

टाफ_काठचा
मूळ नाव एकच. बेव्हनमध्ये वेल्श अब राहिला, इव्हान्समध्ये इंग्रजी षष्ठीचा स लागला, इव्हानचा तो इव्हान्स. आता गंमत बघा. इव्हान हे बायबलमधल्या योहानचं वेल्श रूप, जुनं लेखन 'येयान'. इंग्रजीतला जॉनही तोच योहान. जॉनचा तो जोन्स. जॉनचं लाडाचं जेंकिन, त्यावरून जेंकिन्स. बेव्हन, इव्हान्स, जोन्स, जेंकिन्स, चौघांचं बारशाचं नाव एकच. आणि वेल्श वर्णमालेत 'जे' हे अक्षर मुळात नव्हतंच. देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव जोन्स, आणि ते ज्या अक्षराने सुरू होतं ते अक्षरच पाहुणं.

मोडीवाला
यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही. पेशवेकालीन कागद वाचले की ओळीओळीला 'राणोजी बिन तुकोजी पाटील' असतं. मुसलमान असामी असेल तर 'वलद'. बाई असेल तर 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. बिन आणि वलद दोन्ही अरबीतून फारसी दफ्तरात आणि तिथून मोडीत आले. बाजीराव स्वतः 'बाजीराव बल्लाळ' म्हणवतो, तो बल्लाळ म्हणजे त्याचा बाप बाळाजी. भट आडनाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, त्याच्या सहीत ते शोधू नका. नाना फडणवीस हा बाळाजी जनार्दन भानू. हुद्दा इतका चिकटला की भानू कुणाला सांगावं लागतं.

फरक एवढाच की आपण बापाचं नाव मधे ठेवून शेवटी आडनाव लावलं. वेल्श लोकांनी बापालाच आडनाव करून टाकलं, आणि मग तो बाप पुढच्या सगळ्या पिढ्यांचा बाप झाला.

कट्टावकील
केलं नाही, करायला लावलं. आठव्या हेन्रीने १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडून टाकला आणि आडनावं सक्तीची केली. इंग्रज कारकुनाला पाच अप लिहायचा कंटाळा, म्हणून एका संस्कृतीचा गळा आवळला. मूळ कारण हे आहे, बाकी सगळी फोडणी.

टाफ_काठचा
वकीलसाहेब, अर्ध्याला सहमत. त्या कायद्यांनी कोर्टाची आणि कारभाराची भाषा इंग्रजी केली हे खरं. वेल्शखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्याला सरकारी हुद्दा बंद झाला, हेही खरं. पण 'आडनाव लावा' असं कलम त्यात नाही. झालं ते हळूहळू. जमीनदार मंडळींनी आधी आडनावं घेतली, कारण लंडनच्या दरबारात ऊठबस वाढली होती. खेड्यापाड्यांत, विशेषतः डोंगराळ भागात, अप-अबची पद्धत अठराव्या शतकात राजरोस चालू होती, आणि काही ठिकाणी एकोणिसाव्याच्या सुरुवातीलाही.

कारकुनाच्या कंटाळ्याची एक दंतकथा मात्र आहे. रोलंड ली नावाचा बिशप वेल्सच्या सीमाभागाचा कारभार बघायचा. त्याच्यासमोर ज्युरींची नावं पुकारली जात होती. टॉमस अप रिचर्ड अप हावेल अप येयान व्हॉन, असं लांबतच चाललं. बिशप वैतागला, म्हणाला, यापुढे शेवटचं तेवढं ठेवा, नाहीतर आपापल्या वाड्याचं नाव लावा. टॉमसचा वाडा मॉस्टिनला. तो झाला टॉमस मॉस्टिन. गोष्ट अशीच घडली का कोण जाणे, पण मॉस्टिन घराणं खरं आहे.

कट्टावकील
कलम नसेल, दबाव होता. कोर्ट इंग्रजी, नोंदवही इंग्रजी, पाद्री इंग्रजी लिहिणारा. सक्ती याहून वेगळी काय असते?

खडूस_मास्तर
वकील, फक्त भाषाच धरून बसू नका, जमीन बघा. हावेल द्दा या दहाव्या शतकातल्या राजाच्या नावाने जो वेल्श कायदा ओळखला जातो, त्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. अनौरस मुलालाही बापाने आपला म्हटलं की वाटा. खून झाला तर भरपाई एकट्या खुन्याने नाही, त्याच्या लांबच्या चुलत भावकीपर्यंत सगळ्यांनी मिळून द्यायची. अशा व्यवस्थेत पाच पिढ्या तोंडपाठ असणं ही हौस नव्हे. वंशावळ हाच सातबारा. १२८४ मध्ये पहिल्या एडवर्डने वेल्स घेतल्यावर फौजदारी कायदा बदलला, अनौरसांचा वाटा काढला, पण भावाभावांतली वाटणी राहू दिली. ती बंद केली हेन्रीच्या कायद्यांनी. सगळी जमीन थोरल्याला जायला लागल्यावर भावकी पाठ करून मिळणार काय होतं? अप गळण्याला हे कारण मला कारकुनापेक्षा मोठं वाटतं.

हिरवी_मिरची
मास्तर, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका की.

चाफ्याची_फांदी
बायकांचं काय पण? मोडीवाल्यांच्या कागदात बाई म्हणजे कोम अमका. वेल्समध्ये?

टाफ_काठचा
तिथे 'व्हेर्ख', म्हणजे अमक्याची मुलगी. ग्वेन व्हेर्ख रीस. लग्न झालं तरी ती रीसचीच मुलगी, त्यामुळे नाव बदलायचा प्रश्नच नाही. जुन्या मृत्युपत्रांत आणि चर्चच्या वह्यांत नवरा एका नावाचा आणि बायको माहेरच्या नावाची, असं सर्रास सापडतं. इंग्रजी रीत रुळल्यावर ते गेलं.

चाफ्याची_फांदी
घ्या. म्हणजे त्यांच्याकडे होतं ते घालवलं, आणि आपल्याकडे आईचं नाव कागदावर यायला १ मे २०२४ उजाडावा लागला.

रावण_दहातोंडी
ते पण त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या. आम्ही बापाच्या नावावरच निघणार.

दवाखाना_बंद
मी साउथ वेल्सच्या खाणपट्ट्यात काही वर्षं डॉक्टरकी केली. आपल्याकडचे बरेच डॉक्टर तिथे होते आणि आहेत. बाहेरच्या खोलीत 'मिसेस जोन्स' अशी हाक मारली की तिघी उठायच्या. जन्मतारीख विचारल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, हा पहिल्या आठवड्यातला धडा. डेव्हिस लिहिताना 'आय ई एस', पण म्हणायचं डेव्हिसच. मी पहिल्याच दिवशी 'डेव्हीज' म्हणालो तर रिसेप्शनवरच्या बाईंनी असं बघितलं की बस.

लोक एकमेकांना आडनावाने ओळखतच नाहीत. दूध घालणारा तो दूधवाला जोन्स, पाव भाजणारा तो पाववाला, एकजण दूरच्या शेतावर राहतो तर शेताच्या नावाने. तिथला एक जुना विनोद सांगतात: दाई नावाच्या माणसाला तोंडात एकच दात, तोही बरोबर मधोमध. नाव पडलं 'दाई सेंट्रल ईटिंग', सेंट्रल हीटिंगच्या चालीवर.

आणि हो, गुलबक्षीताई, बेव्हनांचा विषय आणि अन्युरिन बेव्हन अजून आला नाही? १८९७ मध्ये ट्रेडीगारला जन्म, बाप खाणकामगार, स्वतः तेराव्या वर्षी खाणीत. त्याच गावात कामगार पगारातून ठरावीक पैसे कापून देत आणि अख्ख्या कुटुंबाला डॉक्टर मिळे. पुढे आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ ला त्याने सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, ती याच धर्तीवर. आम्ही ज्या सेवेत पगार घेतला ती एका 'अब इव्हान'ने उभी केलेली. न्यूपोर्टच्या भागातल्या आरोग्य मंडळाला नावच त्याचं आहे, भावाला विचारा.

गुलबक्षी
अय्या हो! भाचीचा जन्मच त्यांच्या दवाखान्यातला. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चिंच_गूळ
पण माझा मायकेल...

पैठणी_पदर
अवांतर: व्हिस्कोस रेयॉनचा शोध १८९२ चा, क्रॉस आणि बेव्हन या जोडीचा (तिसरा बीडल). हा बेव्हन लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडचा. म्हणजे आपल्या कपाटातल्या निम्म्या कुर्त्यांत पण बेव्हन आहे.

टाफ_काठचा
पैठणीताई, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. बेव्हन हे मुख्यतः दक्षिण वेल्सचं, त्यातही ग्लॅमॉर्गनचं आडनाव, पण माणसं बाहेर पसरली. स्वॉन्झीच्या क्वेकर पंथातला सिल्व्हानस बेव्हन लंडनला गेला, १७१५ मध्ये प्लाऊ कोर्टला औषधाचं दुकान काढलं, तेच पुढे ॲलन अँड हॅनबरीज ही औषध कंपनी. याच घराण्यातले पुढचे बेव्हन सावकारीत शिरले, बार्क्लेज बँकेच्या मूळ भागीदारांत हे आडनाव आहे.

आता हे तिघे बघा: खाणकामगाराचा मुलगा, क्वेकर औषधवाला, बर्कनहेडचा रसायनवाला. आडनाव एक, म्हणून रक्त एक? मुळीच नाही. ज्या ज्या घरात, ज्या पिढीत आडनाव गोठलं आणि त्या वेळी बापाचं नाव इव्हान होतं, ते ते घर बेव्हन झालं. अशी शेकडो घरं, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली.

उलटंही होतं. सख्ख्या बापलेकांची आडनावं वेगळी. सगळ्यात छान उदाहरण १७०६ मध्ये वर्तुळाच्या गुणोत्तराला 'पाय' हे चिन्ह वापरणारे विल्यम जोन्स. अँग्लसी बेटावरचे. त्यांचे वडील शोन शोर, म्हणजे जॉर्जचा मुलगा जॉन. वडिलांचं नाव जॉन, म्हणून लेक जोन्स. त्या शेतकऱ्याच्या घरात तोवर जोन्स कुणी नव्हतंच.

मोडीवाला
थांबा थांबा. हे विल्यम जोन्स म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीवाल्यांचे वडील ना?

टाफ_काठचा
तेच. सर विल्यम जोन्स त्यांचा मुलगा. १७४६ चा जन्म, तीन वर्षांचा असताना वडील गेले. १७८४ ला सोसायटी, १७८६ च्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एक असावं हे विधान, १७८९ ला शाकुंतलाचं इंग्रजी. १७९४ ला कलकत्त्यातच वारले, पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत आहेत. जुन्या रीतीने मोजलं तर ते 'विल्यम अप विल्यम', त्यांचं आडनाव विल्यम्स व्हायला हवं होतं. जोन्स टिकलं, कारण तोवर वडील लंडनकर झाले होते.

कट्टावकील
भाषांचं मूळ शोधणाऱ्याचं स्वतःचं आडनाव दोन पिढ्या जुनं. हे मला आवडलं.

खडूस_मास्तर
बापलेकांचंच चाललंय तर वेल्सचं राष्ट्रगीत घ्या. १८५६, पाँटिप्रिथ. शब्द बापाचे, चाल मुलाची. बाप इव्हान जेम्स, मुलगा जेम्स जेम्स. कवी म्हणून घेतलेली नावं: बाप 'येयान अप यागो', मुलगा 'यागो अप येयान'. यागो म्हणजे जेम्स. कागदावर बापाचं आडनाव मुलाला तसंच चिकटलं, पण कवितेच्या व्यासपीठावर दोघांनी अप परत आणला.

रावण_दहातोंडी
जेम्स जेम्स. शाळेत हजेरी घेताना मास्तर एकदाच बोलवायचे की दोनदा?

हिरवी_मिरची
टॉम जोन्स पण वेल्सचा ना?

चाफ्याची_फांदी
हो, पण त्याचं खरं आडनाव वुडवर्ड. जोन्स हे आईच्या माहेरचं. वेल्समध्ये जोन्स नसलेला सापडला तर तोही जोन्स होतो!

दवाखाना_बंद
२००६ च्या नोव्हेंबरात कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये फक्त जोन्सांना बोलावून विक्रम केला होता. १,२२४ जोन्स एका छताखाली.

पलटणीत तर नंबर लावूनच ओळखतात. १८७९ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत झुलूंनी इस्पितळाला आग लावली, तेव्हा आतल्या खोलीत दोघे शिपाई रोग्यांना खिडकीतून बाहेर काढत राहिले. ५९३ जोन्स आणि ७१६ जोन्स. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. तिथेच तिसरा क्रॉस मिळालेला जॉन विल्यम्स, तो मुळात फील्डिंग नावाचा, भरती होताना विल्यम्स लावलेलं.

मोडीवाला
गावावरून आडनावं तिकडे अजिबात नाहीत का? आपलं 'कर' सारखं?

टाफ_काठचा
फार थोडी. मॉस्टिन वर आलंच. आणि एक असं आहे जे जगाला माहीत आहे पण वेल्श म्हणून नाही: येल. उत्तर वेल्समधला 'याल' नावाचा मुलूख, त्यावरून येल. या घराण्यातला इलायहू येल १६८७ ते १६९२ मद्रासचा गव्हर्नर होता, भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून गेला. अमेरिकेतल्या एका कॉलेजला त्याने १७१८ मध्ये माल आणि पुस्तकं दिली, तेच आजचं येल विद्यापीठ. मद्रासच्या किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चच्या वहीत पहिलं लग्न त्याचंच आहे, १६८०. पुरला आहे रेक्सममध्ये.

टोपणनावांची आडनावं मात्र भरपूर. लॉइड म्हणजे करडा, गॉफ म्हणजे लाल केसांचा, व्हॉन म्हणजे धाकटा. आपले काळे, गोरे, लहाने बाजूला बसवा.

पैठणी_पदर
आणि ट्यूडर?

खडूस_मास्तर
तो तर अपघात. ओवेन अप मेरेडिथ अप ट्यूडर. बापाचं नाव लावलं असतं तर इंग्लंडवर मेरेडिथ घराण्याने राज्य केलं असतं. लागलं आजोबाचं. ऑलिव्हर क्रॉमवेलही असाच. त्याचा पूर्वज मॉर्गन अप विल्यम, ग्लॅमॉर्गनचा. मुलगा रिचर्ड विल्यम्स, त्याने मामाचं, टॉमस क्रॉमवेलचं, आडनाव उचललं कारण मामा राजाचा मंत्री होता. ऑलिव्हरच्या तारुण्यातल्या कागदांत 'उर्फ विल्यम्स' दिसतं.

गुलबक्षी
डोकं गरगरलं, पण मजा आली. आता त्या लाकडी ढालीचं काय करू? सासऱ्यांना (म्हणजे भावाच्या) दुखवायचं नाहीये.

कट्टावकील
ढाल दुकानदाराची. इंग्लंड-वेल्समध्ये असं मानचिन्ह एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला कधीच नाही. कुणीतरी एका बेव्हनला मिळालेलं सगळ्या बेव्हनांना विकतात. राजाचं म्हणाल तर ग्लॅमॉर्गनच्या जुन्या घराण्यांना आपली वंशावळ शेवटचा राजा येस्टिन अप गुर्गान्टपर्यंत नेऊन भिडवायची फार हौस. आपल्याकडे नाही का प्रत्येक देशमुख...

रावण_दहातोंडी
वाक्य पूर्ण करू नका, धाग्यावर देशमुख आहेत.

टाफ_काठचा
ढाल भिंतीवर राहू द्या. झाडासाठी मात्र आडनाव सोडून गाव आणि चॅपल (पंथाचं प्रार्थनाघर) धरा. वहिनींचे पणजोबा कुठले?

गुलबक्षी
नीथजवळचे. घराणं बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, एवढं नक्की.

टाफ_काठचा
मग एक धोका आधीच सांगतो. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वहीत लहानपणीची नोंद शोधून हाती काही लागणार नाही. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्मनोंद आहे, ती आधी बघा. त्यामागे जायचं तर १८५१ ची जनगणना, तीत प्रत्येकाच्या जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावभाग) लिहिलेला असतो. १८४१ च्या नोंदीत फक्त त्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) का, एवढंच कळतं. त्याच्याही मागे मृत्युपत्रं. आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. तिथे बेव्हन शोधून थांबू नका. इव्हान, इव्हान्स आणि त्या त्या पिढीतल्या बापाचं नाव, सगळं टाकून बघा.

गुलबक्षी
१८५१ च्या नोंदीत पणजोबा सापडले बहुतेक! त्यांचे वडील 'टॉमस बेव्हन', वय ४०, कोळसा खणणारा, आणि शेजारच्याच घरात 'इव्हान टॉमस', वय ७१. हा त्याचा बाप असेल का?

खडूस_मास्तर
असू शकतो, बाप इव्हान तर मुलगा बेव्हन. पण नीथला इव्हान काय कमी होते? टॉमसच्या लग्नाची नोंद काढा. १८३७ नंतरचं लग्न असेल तर तिच्यात वराच्या बापाचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो.